हायड्रोजन न देणारे आम्ल कसे ओळखावे? (बोरिक पावडर आणि इलेक्ट्रॉनची जोडी)

प्रश्न : बारावीचे पालक, दांडिया बाजार, बडोदा

नमस्कार. माझी मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे. तिची पुस्तके इंग्रजीत आहेत, वर्गातले समजावणे बरेचसे गुजरातीत होते आणि घरी माझ्याजवळ बसून ती मराठीत अभ्यास करते. त्यामुळे एखादी गोष्ट तिला खरोखर उमगली आहे की नुसते शब्द पाठ झाले आहेत, हे आम्हा दोघांनाही ती मराठीत सांगू लागली की लगेच कळते. आम्ले आणि आम्लारी यांच्या बाबतीत या वेळी दोघेही अडलो आहोत.

गेल्या रविवारी घरात कॅरम मांडला होता. बोर्डावर बोरिक पावडर टाकताना तिने डब्यावरचे नाव वाचले आणि विचारले, ‘बाबा, याला बोरिक ॲसिड म्हणतात. याच्या रेणूत तीन हायड्रोजन आहेत. पण पुस्तकात लिहिले आहे की ते एकप्रोटॉनी आहे, म्हणजे एका रेणूमागे एकच प्रोटॉन (हायड्रोजन आयन) द्रावणात आणते, आणि तो एक प्रोटॉनसुद्धा त्याचा स्वतःचा नसतो. मग हे आम्ल कशाच्या जोरावर?’ मी अनेक वर्षांपूर्वी बी.एस्सी.पर्यंत रसायनशास्त्र शिकलो, पण पुढची सगळी नोकरी हिशेबाच्या कामात गेली. ‘जे पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल’ एवढेच माझ्या मनात पक्के राहिले आहे, आणि तेवढ्यावर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

तिच्या पुस्तकात लुईस यांची व्याख्या आहे : इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणारे ते आम्ल आणि जोडी देणारी ती आम्लारी. वाक्य सोपे आहे. परंतु एखादे नवे सूत्र समोर आले की त्यातील कोण देणार आणि कोण घेणार हे पाहायचे कसे, ते आम्हाला जमत नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये हायड्रोजन मुळीच नाही, तरी ते आम्ल. उलट अमोनियात तीन हायड्रोजन आहेत, तरी तो आम्लारी. यादी पाठ करून गुण मिळतील, पण मुलीला यादी नको आहे, कारण हवे आहे, आणि मला तिचा हा हट्ट मोलाचा वाटतो. कोणी सविस्तर समजावून सांगेल का?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापिका, फतेहगंज

आपल्या मुलीने बोट अगदी योग्य जागी ठेवले आहे. बोरिक आम्ल हे या विषयातले सर्वांत चांगले उदाहरण आहे, कारण नावात आम्ल, सूत्रात तीन हायड्रोजन आणि वागणे मात्र भलतेच, अशी तिन्ही बाजूंची कोंडी ते एकाच वेळी समोर ठेवते.

आधी शब्दांविषयी थोडे सांगते, कारण माझ्या अनुभवात गोंधळाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. ‘आम्ल’ म्हणजे आंबट. ‘आम्लारी’ म्हणजे आम्लाचा अरी, शत्रू. दोन्ही शब्द चवीच्या आणि उदासिनीकरणाच्या काळातले आहेत, त्यामुळे ते ऐकताच आपण चिंच, लिंबू आणि लिटमस यांच्याकडे जातो. युरोपातही असेच झाले होते. लाव्हाझिए यांना वाटत होते की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, आणि ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच मुळी ‘आम्ल निर्माण करणारा’ असा आहे. पुढे डेव्ही यांनी दाखवून दिले की ज्याला आज आपण हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतो त्यात ऑक्सिजन नाहीच. मग लक्ष हायड्रोजनकडे वळले. अर्‍हेनियस यांनी आम्लाची व्याख्या पाण्यातील हायड्रोजन आयनांवर बसवली, आणि १९२३ मध्ये डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड व इंग्लंडचे लॉरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रोटॉन देणारे आणि प्रोटॉन घेणारे अशी विभागणी केली. त्याच १९२३ सालच्या आपल्या पुस्तकात कॅलिफोर्नियातील गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी इलेक्ट्रॉनच्या जोडीवर आधारलेली व्याख्या मांडली आणि १९३८ मध्ये ती पुन्हा विस्ताराने लिहिली. आम्ल म्हणजे हायड्रोजनयुक्त पदार्थच, असे बंधन घालणे हे ऑक्सिडीकारक म्हणजे ऑक्सिजनयुक्त पदार्थच असे म्हणण्याइतके अडचणीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ही तुलना आपल्या मुलीला अवश्य सांगा. क्लोरीनमध्ये ऑक्सिजन नसूनही तो ऑक्सिडीकारक आहे हे तिने मान्य केले असेल, तर हायड्रोजन न देणारे आम्ल मान्य करायला तिला जड जाऊ नये.

आता बोरिक आम्ल. कागदावर बोरॉनभोवतीचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी काढा. बोरॉनच्या बाह्यतम कवचात तीन इलेक्ट्रॉन असतात. ते तीन ऑक्सिजनांशी एकेक बंध करण्यात गुंततात, आणि प्रत्येक बंधात दोन इलेक्ट्रॉन असल्यामुळे बोरॉनभोवती सहा इलेक्ट्रॉन होतात. अष्टकाला, म्हणजे बाह्य कवचातल्या आठ इलेक्ट्रॉनांच्या पूर्ण संचाला, दोन कमी आहेत, म्हणजे नेमकी एक जोडी कमी आहे. रेणू सपाट त्रिकोणी आहे आणि बोरॉनची एक कक्षिका (इलेक्ट्रॉनच्या जोडीची जागा), त्या सपाटीच्या वर आणि खाली पसरलेली, जवळजवळ मोकळी आहे. आता पाण्याकडे पाहा. पाण्याच्या ऑक्सिजनवर दोन जोड्या अशा आहेत ज्या कोणत्याही बंधात अडकलेल्या नाहीत. पाण्याचा रेणू त्यांपैकी एक जोडी बोरॉनच्या मोकळ्या जागेत देतो. जोडी देताच त्या ऑक्सिजनवर धन प्रभार येतो, त्याच्याशी जोडलेला हायड्रोजन सैल होतो, आणि शेजारचा पाण्याचा रेणू तो प्रोटॉन उचलून नेतो. बोरॉनभोवती आता चार हायड्रॉक्सिल गट चतुष्फलकाच्या आकारात बसलेले असतात आणि द्रावणात एक हायड्रोनियम आयन वाढलेला असतो.

म्हणजे द्रावणात आलेला प्रोटॉन पाण्याचा आहे. बोरिक आम्लाचे स्वतःचे तिन्ही हायड्रोजन जागच्या जागी आहेत. आणि बोरॉनला एकाच जोडीची उणीव असल्यामुळे हा व्यवहार एका रेणूमागे एकदाच होतो. म्हणून ते एकप्रोटॉनी. आपल्या मुलीच्या दोन्ही शंकांचे उत्तर त्या एका मोकळ्या जागेत आहे.

हे आम्ल फार दुर्बल आहे. त्याचे पीकेए मूल्य (हा अंक जितका मोठा, तितके आम्ल दुर्बल) सुमारे ९.२४ आहे, तर व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचे सुमारे ४.७६, म्हणजे दोघांच्या विचरण स्थिरांकांत जवळपास ३० हजार पटींचा फरक आहे. त्यामुळे प्रयोगशाळेत बोरिक आम्लाचे कॉस्टिक सोड्याशी सरळ टायट्रेशन केले, तर फिनॉल्फ्थॅलिनचा रंग संथपणे, अस्पष्टपणे बदलतो. त्यात मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉल घातले की शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन बोरॉनला चिमट्यासारखे धरतात, समतोल पुढे सरकतो, आम्ल बरेच प्रबळ होते आणि रंगबदल स्पष्ट दिसतो. मला विद्यार्थिदशेत हे केवळ एक ‘युक्तीचे टायट्रेशन’ म्हणून शिकवले गेले होते. जोडीचे चित्र समजल्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्यामागचे कारण उलगडले आणि फार आनंद झाला होता.

ओळखण्याची पद्धत विचारलीत, तर मी विद्यार्थ्यांना आधी सूत्र बाजूला ठेवून ठिपक्यांची आकृती काढायला लावत असे. अमोनियात नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन बंधांत जातात आणि दोन उरतात. ती उरलेली जोडी कोणालाही देता येण्यासारखी आहे, म्हणून अमोनिया दाता. त्याच्या तीन हायड्रोजनांचा या व्यवहाराशी संबंध नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून ते ग्राहक. हे दोन वायू एकत्र आले की पांढरा घन पदार्थ तयार होतो, ज्यात नायट्रोजनची जोडी दोघांत सामाईक असते. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूकडून आलेले असतात एवढेच या बंधाचे वेगळेपण. एकदा तयार झाल्यावर तो इतर सहसंयुज बंधांसारखाच असतो.

आणि स्वतः प्रोटॉन? त्याच्याजवळ एकही इलेक्ट्रॉन नाही. त्याच्याइतका रिकामा ग्राहक दुसरा नाही. त्यामुळे जुनी व्याख्या चुकीची ठरली असे कृपया मुलीला सांगू नका. जुन्या व्याख्येने एकाच ग्राहकाकडे पाहिले होते, लुईस यांनी सर्व ग्राहकांकडे पाहिले.

उत्तर २ : निवृत्त प्रक्रिया रसायनतज्ज्ञ, गोरवा

मॅडमनी तत्त्व उत्तम मांडले आहे. माझी सारी नोकरी नंदेसरीच्या बाजूला रंगद्रव्यांच्या मध्यस्थ रसायनांचे उत्पादन करण्यात गेली, म्हणून कारखान्यात हीच गोष्ट कशी दिसते ते लिहितो.

आमच्याकडे निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड ड्रममधून येत असे. पावसाळ्यात ड्रमचे झाकण उघडले की पांढरा, घशाला झोंबणारा धूर निघायचा. नव्या मुलांना वाटे की ॲल्युमिनियम क्लोराइडच हवेत उडते आहे. खरे पाहता हवेतील पाण्याचा ऑक्सिजन आपली जोडी ॲल्युमिनियमला देतो आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. तो दमट हवेत धुरासारखा दिसतो. ॲल्युमिनियम बोरॉनच्याच गटातला आहे आणि तीन क्लोरीन जोडल्यावर त्याच्याभोवतीही सहाच इलेक्ट्रॉन असतात. ही उणीव त्याला इतकी असह्य असते की बाहेरचा दाता नसेल तर त्याचे दोन रेणू एकमेकांकडेच वळतात : एका रेणूतील क्लोरीन आपली मोकळी जोडी दुसऱ्या रेणूच्या ॲल्युमिनियमला देतो, दुसरा पहिल्याला देतो, आणि वितळलेल्या अवस्थेत तसेच फार तापवलेले नसेल तोवर वाफेतही जोडरेणू तयार होतात.

फ्रिडेल आणि क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये शोधलेली, बेन्झिनच्या कड्याला नवा कार्बन गट जोडणारी अभिक्रिया या गुणावरच चालते. ॲसिल क्लोराइडमधील क्लोरीनची जोडी ॲल्युमिनियम आपल्याकडे ओढते, त्यामुळे कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला होतो, आणि बेन्झिनच्या कड्यातले इलेक्ट्रॉन त्या कार्बनकडे जातात. म्हणजे एकाच भांड्यात दोन वेळा देणे-घेणे घडते.

इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुस्तकात ॲल्युमिनियम क्लोराइडला उत्प्रेरक म्हणतात, त्यामुळे चिमूटभर पुरेल असे वाटते. पण ॲसिलीकरणात, म्हणजे ॲसिल क्लोराइड वापरून केलेल्या वरच्या अभिक्रियेत, तयार होणारा कीटोन हा स्वतः दाता असतो. त्याच्या ऑक्सिजनवरची जोडी ॲल्युमिनियमला धरून बसते आणि सोडत नाही. म्हणून एक मोल ॲसिल क्लोराइडला एक मोलपेक्षा थोडे अधिक ॲल्युमिनियम क्लोराइड घ्यावे लागते, आणि ॲनहायड्राइड वापरले तर दोन मोलपेक्षाही अधिक. अभिक्रिया संपल्यावर सर्व द्रव बर्फ आणि पातळ आम्ल यांच्यात ओततात, तेव्हा कुठे पाणी ॲल्युमिनियमला आपल्याकडे घेते आणि कीटोन मोकळा होतो. ग्राहक किती लागेल याचा हिशेब भांड्यात दाते किती आहेत यावर ठरतो, हे मला महाविद्यालयात उमगले नव्हते, रिॲक्टरजवळ उभे राहून उमगले.

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक बॅच अजून लक्षात आहे. बेन्झिन नीट कोरडे केलेले नव्हते. ॲल्युमिनियम क्लोराइड टाकताच स्क्रबरकडे (वायू धुऊन शोषणाऱ्या यंत्राकडे) वायूचा लोट गेला आणि नंतर अभिक्रिया पुढे सरकेना. वरिष्ठांनी काही न रागावता मला कागदावर पाण्याचा रेणू काढायला लावला आणि विचारले, ‘यावर जोड्या किती?’ बेन्झिनच्या कार्बनांकडे सैल जोडी नाही, पाण्याच्या ऑक्सिजनवर दोन आहेत. मग ॲल्युमिनियम आधी कोणाकडे जाईल हे उघड होते. त्यानंतर आम्ही बेन्झिनचा थोडा भाग आधी उकळून काढत असू, कारण पाणी आणि बेन्झिन यांचे मिश्रण सुमारे ६९ अंशांवर एकत्रच उकळून निघून जाते.

बोरॉन ट्रायफ्लोराइडचेही एक उदाहरण देतो. तो वायू उणे १०० अंश सेल्सियसला उकळतो, इथर ३५ अंशांच्या आसपास उकळतो, आणि या दोघांचे मिळून झालेले जे द्रव बाटलीत येते ते मात्र सुमारे १२६ अंशांना उकळते. दोन अतिशय उडून जाणाऱ्या पदार्थांना एका जोडीने असे बांधून ठेवलेले पाहिले की तो बंध केवळ वहीतला बाण वाटत नाही.

प्रश्नकर्त्यांचे पुढील लेखन

मॅडम आणि काका, आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीने दोन्ही उत्तरे मोठ्याने वाचली आणि वहीत ठिपक्यांच्या आकृत्या काढल्या. बोरिक आम्ल आणि ॲल्युमिनियम क्लोराइड आता ती मला समजावून सांगते.

परंतु पद्धत लावून पाहताना ती दोन ठिकाणी अडली. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनभोवती आठ इलेक्ट्रॉन पूर्ण आहेत, सिलिकॉन टेट्राफ्लोराइडमध्येही सिलिकॉनभोवती आठ पूर्ण आहेत. उणीव कुठेच नाही, तरी पुस्तक दोघांनाही लुईस आम्ल म्हणते. दुसरे असे की, इलेक्ट्रॉन देणे-घेणे म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण असे ती अकरावीत शिकली. मग जोडी देणारी आम्लारी आणि इलेक्ट्रॉन देणारा क्षपणकारक यांच्यात भेद काय?

उत्तर ३ : शिकवणी घेणारा शिक्षक, मांजलपूर

मॅडमच्या उत्तरावर विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात, कारण ‘अष्टक अपुरे तो ग्राहक’ हे वाक्य ओळखीची सुरुवात म्हणून चांगले आहे, पण त्याचा नियम केला की कार्बन डायऑक्साइडपाशी तो मोडतो. मी मुलांना जरा वेगळा प्रश्न विचारायला सांगतो : आणखी एक जोडी आली तर ती ठेवायला जागा आहे का, किंवा जागा करता येईल का?

कार्बन डायऑक्साइडमध्ये जागा करता येते. घराला चुना दिला की भिंत काही दिवसांत कडक होते, कारण ओल्या चुन्यातील हायड्रॉक्साइड आयन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि शेवटी कॅल्शियम कार्बोनेट बनते. या व्यवहारात हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनची जोडी कार्बनकडे येते आणि त्याच क्षणी कार्बन-ऑक्सिजनमधील दुहेरी बंधातली एक जोडी पलीकडच्या ऑक्सिजनवर सरकते. कार्बनभोवती आठच राहतात. सरळ रेषेतला रेणू वाकतो. शेजाऱ्याने सरकून जागा करून दिली, असे मी वर्गात म्हणतो.

सिलिकॉनचे तसे नाही. तिथे बंध न सरकता खरोखरच अधिक सोबती बसतात. सिलिकॉन टेट्राफ्लोराइड दोन फ्लोराइड आयन घेऊन सहा फ्लोरीनचा आयन बनवते. हे पटण्यासाठी दोन क्लोराइडांची तुलना करावी. सिलिकॉन टेट्राक्लोराइड दमट हवेत धुमसते आणि पाण्याशी जोरात अभिक्रिया करते. कार्बन टेट्राक्लोराइड मात्र पाण्याखाली वेगळा थर करून निवांत पडून राहते. दोन्हीकडे चार क्लोरीन आणि आठ इलेक्ट्रॉन आहेत. पण कार्बन लहान आहे, चार क्लोरीनांनी तो पुरता वेढला जातो, आणि पाण्याच्या जोडीला त्याच्यापर्यंत पोहोचायला वाट नसते. सिलिकॉन तिसऱ्या आवर्तातला, मोठा. त्याच्यापर्यंत पोहोचता येते आणि त्याच्याजवळ जोडी सामावणाऱ्या कक्षिकाही हाताशी असतात.

दात्यांच्या बाजूलाही अशीच सावधगिरी हवी. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडवर अमोनियासारखीच एकाकी जोडी दिसते, म्हणून मुले त्याला अमोनियाइतकीच आम्लारी समजतात. परंतु तीन फ्लोरीन नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे इतके ओढून धरतात की ती जोडी द्यायला तो जवळजवळ तयारच नसतो. जोडी असणे आणि ती देता येणे यांत फरक आहे.

आता ऑक्सिडीकरणाचा प्रश्न. मोरचूदाच्या निळ्या द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला तर जस्ताचे दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाकडे कायमचे निघून जातात. जस्त आयन होऊन विरघळते, तांबे धातू होऊन साचते, द्रावण फिके पडते. त्याच मोरचूदाच्या द्रावणात अमोनिया घालत गेले तर आधी फिकट निळा साका येतो आणि आणखी अमोनिया घातल्यावर गर्द निळे द्रावण होते. इथे अमोनियाच्या नायट्रोजनांनी आपापली जोडी तांब्याच्या आयनाला दिली आहे, पण ती हातातून सोडलेली नाही, दोघांत सामाईक ठेवली आहे. तांब्याची ऑक्सिडीकरण संख्या आधी दोन होती, नंतरही दोनच आहे. मी हे दोन प्रयोग शेजारशेजार दोन परीक्षानळ्यांत करून दाखवतो, आणि त्यानंतर हा प्रश्न सहसा पुन्हा येत नाही.

घरातली तुरटीही या निमित्ताने पाहण्यासारखी आहे. तुरटीचे द्रावण निळा लिटमस लाल करते, पण पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट यांपैकी कोणाजवळही द्यायला हायड्रोजन नाही. ॲल्युमिनियमचा तीन धन प्रभारांचा आयन पाण्याच्या सहा रेणूंकडून सहा जोड्या घेतो, त्या ओढीमुळे पाण्यातला हायड्रोजन सैल होतो आणि बाहेर पडतो. या आयनाचे पीकेए सुमारे ५ आहे, म्हणजे तो ॲसेटिक आम्लाच्या अगदी जवळचा आहे. बोरिक आम्लात मॅडमनी जी वाट दाखवली तीच ही वाट आहे, फक्त ग्राहक अधिक जोरदार आहे.

उत्तर ४ : निवृत्त प्राध्यापिका, फतेहगंज

मांजलपूरच्या सरांची दुरुस्ती मला मान्य आहे. सोपे करण्याच्या नादात मी अष्टकावर अधिक भार दिला. एक भर घालते. जुन्या पाठ्यपुस्तकांत सिलिकॉनच्या बाबतीत ‘डी कक्षिका मोकळ्या असतात’ असे कारण दिलेले असते. परीक्षेत ते चालेल, पण आज या स्पष्टीकरणावर पूर्वीइतका विश्वास ठेवला जात नाही. सिलिकॉन-फ्लोरीन बंधांच्याच रिकाम्या, प्रतिबंधी कक्षिका जोडी स्वीकारतात असे अधिक मानले जाते. मुलगी पुढे रसायनशास्त्र घेणार असेल तर हे तिच्या कानावर असू द्या.

तसेच बोरॉनच्या हॅलाइडांची चढण तिला स्वतः शोधू द्या. फ्लोरीन सर्वांत अधिक इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून ट्रायफ्लोराइड सर्वांत प्रबळ ग्राहक असेल, असे ती म्हणेल. अमाइनांशी प्रत्यक्षातील क्रम उलटा आहे : फ्लोराइड सर्वांत दुर्बल, मग क्लोराइड, मग ब्रोमाइड. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की फ्लोरीनच्या जोड्या आकाराने बोरॉनच्या मोकळ्या कक्षिकेशी चांगल्या जुळतात आणि ती जागा अंशतः आधीच भरून ठेवतात.

एक प्रयोगही सुचवते, शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करण्यासाठी. हळदीच्या अर्कात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकीवर चुन्याची निवळी टाकावी. दुसरीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेले बोरिक पावडरचे द्रावण टाकून ती पट्टी मंद उष्णतेवर वाळवावी. दोन्हींवर येणारा लाल रंग सारखा नाही, तो का नाही ते तिने सांगावे. बोरिक पावडर पोटात जाऊ नये, म्हणून नंतर हात स्वच्छ धुवावेत.

प्रश्नकर्त्यांचे पुढील लेखन

प्रयोग काल झाला. चुन्याची पट्टी थेंब पडताच लाल झाली, आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर पुन्हा पिवळी झाली. बोरिक पावडरची पट्टी ओली असताना फारशी बदलली नाही. वाळत गेली तसा तिच्यावर तांबूस तपकिरी रंग चढला. आम्लाने तो गेला नाही, आणि सोड्याच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकल्यावर हिरवट काळा झाला. मुलीने वहीत लिहिले आहे की पहिल्या पट्टीवर हळदीतील कर्क्युमिनने प्रोटॉन गमावला, आणि दुसरीवर कर्क्युमिनच्या ऑक्सिजनांनी बोरॉनला जोडी दिली. आता तिचा प्रश्न असा आहे की पहिल्या पट्टीवरही हायड्रॉक्साइडने त्या प्रोटॉनला आपली जोडी दिलीच ना? मग दोन्ही पट्ट्यांवर लुईस यांचाच व्यवहार झाला असे म्हणावे का?

उत्तर ५ : निवृत्त प्राध्यापिका, फतेहगंज

होय, तसेच म्हणावे. पहिल्या पट्टीवर दाता हायड्रॉक्साइड आहे आणि ग्राहक प्रोटॉन. दुसरीवर दाता कर्क्युमिन आहे आणि ग्राहक बोरॉन. पहिल्या पट्टीवर प्रोटॉन गेल्यामुळे कर्क्युमिनच्या ऑक्सिजनवर जी जोडी मोकळी राहिली, तीच आम्ल घातल्यावर प्रोटॉनला परत मिळाली, म्हणून रंग पिवळा झाला. दुसऱ्या पट्टीवर त्या जागी बोरॉन बसलेला आहे आणि कर्क्युमिनचे दोन ऑक्सिजन त्याला दोन्ही बाजूंनी धरून आहेत, म्हणून तेवढ्या आम्लाने तो हलला नाही. तिने आता दोन्ही पट्ट्यांसाठी बाण काढावेत, आणि प्रत्येक बाण जोडीपासून सुरू होऊन मोकळ्या जागेकडे जातो आहे ना, एवढे तपासून वही मला दाखवायला आणावी. मी रोज संध्याकाळी पाचनंतर घरी असते. पत्ता आपल्याला वेगळ्या निरोपाने कळवते.